गच्चीवरचा वड

गेल्या वटपौर्णिमेला संध्याकाळी मोबाईलवर एक फोटो आला. मधोमध पांढऱ्या सुताचा गठ्ठा, त्यावर हळदीकुंकवाचे डाग, आणि वरून चार-पाच पानं कशीबशी डोकं बाहेर काढून उभी. पुढ्यात आंबे आणि फणसाचे गरे. मागे सात-आठ बायका डोक्यावर पदर घेऊन हसत होत्या. मला वाटलं, कुणीतरी जत्रेतल्या देवीचा फोटो पाठवलाय. मग खालच्या ट्रेकडे लक्ष गेलं. निळ्या कडेचा, एका कोपऱ्याला टवका उडालेला ट्रे. तो टवका माझ्याच हातून उडाला होता, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. तो माझा वड होता.

फोटोखाली वेल्ह्याच्या शाळेतल्या बाईंनी लिहिलं होतं, 'काका, माफ करा. मी शाळेत होते. घरी आले तर हे असं झालेलं.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी असा काही ओरडलो की समोरचा वाणी दुकानातून बाहेर येऊन आमच्या दाराकडे बघायला लागला. बायको शेंगा सोलत बसली होती. तिने फोटो बघितला, पुन्हा शेंगा हातात घेतल्या आणि म्हणाली, "तुमच्या आयुष्यासाठी मी सकाळधरनं उपाशी हाय, आन तुमी आरडून आरडून तेच कमी करताय."

"अगं, बोन्साय आहे तो! देवळातला वड आहे का?"

"वडच हाय न्हवं? मग बायका आंब्याला दोरा बांधतील व्हय?"

आता हा वड कुठून आला आणि वेल्ह्याला कसा गेला ते सांगायला हवं. नाहीतर एका झाडापायी म्हातारा एवढा का तापला, हे कुणाला कळायचं नाही.

मी एस.टी.त ड्रायव्हर होतो. भोर डेपोची, नसरापूरवरून वेल्ह्याला जाणारी गाडी हा माझा बरीच वर्षं ठरलेला रस्ता. माझ्या रागाच्या गोष्टी निघाल्या की डेपोतले लोक आधी चहा सांगायचे, कारण गोष्टी लवकर संपत नसत. त्या रस्त्याला तेव्हा दोन्ही अंगांना वड होते. एका वडाच्या सावलीतून गाडी बाहेर पडायची, जरा ऊन काचेतून मांडीवर यायचं, की दुसऱ्याची सावली. भर वैशाखातसुद्धा त्या रस्त्यावर माझं डोकं थंड असायचं, असं माझे कंडक्टर सांगत. मला ते पटत नाही, पण रस्ता थंड होता हे खरं.

वेल्ह्याच्या अलीकडे एक फाटा आहे. फाट्यावरचा वड सगळ्यात थोराड. त्याच्या एवढ्या पारंब्या जमिनीत उतरल्या होत्या की मूळ खोड कुठलं हे कुणाला सांगता आलं नसतं. त्याच्याखाली शेळ्या बसत, दुधाच्या किटल्या ठेवलेल्या असत आणि गाडीची वाट बघणारी माणसं पाय पसरून निवांत असत. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी एका बाईने तिथे गाडीला हात केला. डोक्यावर त्याच वडाच्या फांद्यांचा भारा. भोरच्या बाजारात विकायला निघाली होती. मी गाडी थांबवली ती तिला घ्यायला नाही, तिला बोलायला.

"उद्या ज्याच्या पाया पडायचं, त्याचे आज हातपाय तोडून बाजारात नेता? लाज वाटत नाही?"

तिने भारा खाली ठेवला, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाली, "भोरातल्या बायांना वडापतुर जायाला पाय न्हाईत का, डायवरसायेब? त्या इकत घेत्यात म्हणून मी तोडते. त्यांना बोला की."

कंडक्टर हसला, गाडीतली माणसं हसली, आणि भारा मागच्या सीटवर चढला. भोरला उतरताना ती बाई पुढे आली आणि माझ्या शेजारी बॉनेटवर एक फांदी ठेवून गेली. "वैनीला द्या. पैसं नगं." मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो.

आणि माझ्याच घरात त्या फांदीची गरज निघाली. बायकोचा पाय मुरगळला होता, तिला वडापर्यंत जाता येत नव्हतं. तिने पाटावर तांब्या ठेवला, त्यात फांदी उभी केली, सूत गुंडाळलं, पूजा केली. दुसऱ्या दिवशी फांदी निर्माल्याच्या बादलीत. मी ती उचलली आणि तेलाच्या फुटक्या डब्यात माती घालून खोचली. रागाच्या भरात खोचली, हे सांगायला हवं. जगवायची म्हणून नाही, तर 'बघा, टाकून दिलेलं कसं जगतं' हे कुणाला तरी दाखवायचं होतं म्हणून. कुणाला, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पंधरवड्यात तिला पालवी फुटली. पुढे कधीतरी पुण्याला ड्युटी लागली असताना एका बागेत बोन्सायचं प्रदर्शन पाहिलं. मोठमोठी झाडं ताटाएवढ्या ट्रेमध्ये उभी होती. मला आधी राग आला, मग झोप लागेना. तिथून माझी गच्ची भरायला लागली. पडक्या भिंतीतले पिंपळ, गटाराच्या कडेचा उंबर, वाटेवर पायदळी आलेली चिंच, बांधावरून काढून टाकलेलं करवंद. लोकांनी उपटून फेकलेलं ते सगळं माझ्या गच्चीवर यायचं. ड्युटीवरून आलो की आधी वर, मग जेवण. तिथे मात्र मी कुणावर ओरडत नसे, कारण झाडं उलट बोलत नाहीत.

लोक बोलत. "डायवर, झाडाचे पाय बांधून त्याला खुजं करता, पाप लागंल." उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्यांनी घराच्या भिंतीत उगवलेला पिंपळ उकळतं पाणी ओतून मारला, तेच मला पाप सांगायचे. माझा वड ट्रेमध्ये होता, पण भरल्या अंगाचा होता. दोन वर्षांआड पावसाळ्यात त्याला बाहेर काढून मुळं छाटायची, विटांचा चुरा, पोयटा आणि जुनं शेणखत असं नवं अंथरूण घालून पुन्हा बसवायचा. त्याच्या फांदीला मी पारंब्या आणल्या. सरबत पिण्याच्या नळीत ओलं शेवाळ भरून ती नळी फांदीखाली धरायची, आणि पारंबी आतून मातीपर्यंत येईतो वाट बघायची. पारंबी काडीएवढीच असते, पण ती मातीत रुजून ताठ झाली की झाडाला वय येतं. तीन पारंब्या मी अशा आणल्या होत्या. एक डावी फांदी आडवी, लांब, जरा खाली झुकलेली होती, अगदी फाट्यावरच्या वडासारखी. गच्चीवर येणारा प्रत्येक माणूस आधी त्या फांदीकडे बघायचा.

मग माझी कंबर गेली. सगळी हयात गाडीच्या सीटवर काढली, त्या सीटने शेवटी आपला वाटा घेतला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही. एप्रिलमध्ये ट्रेमधल्या झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, एक वेळ चुकली की पानं करपतात. बायकोचे गुडघे माझ्या कंबरेहून जुने. त्या एका उन्हाळ्यात माझं करवंद वाळलं. खाटेवर पडल्या पडल्या मला वरून त्याची पानं गळताना ऐकू येतात असं वाटायचं. तेव्हा ठरवलं की झाडं विकायची. आणि विकायची ती आपल्यासारख्या छंदवाल्यांनाच, नर्सरीला नाही.

छंदवाल्यांचा एक मोबाईलचा ग्रुप आहे, त्यावर फोटो टाकले. शनिवार-रविवार गाड्या यायला लागल्या. काय सांगू! एक जण टेप घेऊन आला आणि खोडाचा घेर मोजून घासाघीस करू लागला, जसं मटणच घ्यायला आलाय. एक जोडपं आलं, त्यांना पिंपळ आवडला, पण तो कोणत्या दिशेला ठेवला तर बरकत येईल ते आधी सांगा म्हणाले. मी म्हटलं, उन्हाच्या दिशेला ठेवा. ते नाराज होऊन गेले. एकाने बोलता बोलता नखाने ट्रेमधलं शेवाळ उकरलं. त्याला मी जिन्याखाली पोचवून आलो, डॉक्टरांचं न ऐकता. एक बाई चिंचेच्या प्रेमात पडल्या आणि म्हणाल्या, टीव्हीशेजारी किती छान दिसेल! मी विचारलं, तुम्ही स्वतः टीव्हीशेजारी पाण्यावाचून किती दिवस छान दिसाल? बायकोने आतून भांडं आपटलं.

तरी झाडं गेली. चिंच गेली, उंबर गेला, पिंपळ बऱ्या माणसाकडे गेला. वड मात्र मी कुणाला दाखवतच नव्हतो. टाकीच्या मागे ठेवला होता.

तो सापडला या शाळेतल्या बाईंना. वेल्ह्याला नोकरी, बाजाराजवळ भाड्याच्या दोन खोल्या, पुढे उन्हाची गॅलरी. त्या एस.टी.ने आल्या होत्या, हे मला पहिलं आवडलं. त्यांनी भाव विचारला नाही. आधी ट्रेमध्ये बोट घालून माती बघितली, मग खाली वाकून डाव्या फांदीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, ही तार जरा रुतलीय."

माझ्या झाडाला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. मी चिडून चष्मा लावला आणि बघितलं. तार खरंच रुतली होती. फांद्यांना वळण द्यायला आम्ही तांब्याची तार गुंडाळतो, ती वेळेवर काढली नाही तर सालीत शिरते. खाटेवर पडून राहिल्याने माझं ते राहून गेलं होतं. बाईंनी पर्समधून छोटी पक्कड काढली आणि तार ओढून न काढता तुकड्या-तुकड्याने कापून काढली. तेव्हाच मी मनात वड देऊन टाकला.

अटी घातल्या. घरात ठेवायचा नाही. पाणी बोट लावून मगच घालायचं. आणि तार, दोरी, सुतळी, काही म्हणजे काही मला विचारल्याशिवाय त्याला बांधायचं नाही. बाईंनी सगळ्याला मान डोलावली. ट्रे मांडीवर घेऊन त्या वेल्ह्याच्या गाडीत बसल्या. गाडी वळणाआड जाईतो मी स्टँडवर उभा होतो. ड्रायव्हरला हाक मारून 'सावकाश घे' म्हणालो, तो माझ्याच हाताखाली तयार झालेला.

आणि पुढच्या वटपौर्णिमेला हा फोटो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंबरेला पट्टा बांधला, कात्री खिशात घातली आणि पहिली गाडी पकडली. बायको म्हणाली, "भांडायला चाललाय का झाड बगायला?" मी म्हटलं, झाड परत आणायला. "आन पानी कोन घालनार?" मी तोवर पायरी उतरलो होतो.

वाटेत काय काय बोलायचं ते घोकत होतो. पण तो रस्ताच माणसाला धड चिडू देत नाही, तिथे दुसराच राग वाट बघत असतो. रस्ता रुंद केला, तेव्हा दोन्ही अंगांचे वड गेले. एका आठवड्यात यंत्राने ते काम झालं. रुंद करायला माझी ना नाही, अरुंद रस्त्यावर गाडी चालवणं काय असतं ते माझ्या कंबरेला विचारा. पण वड वळसा घालून वाचवता आले असते, निदान फाट्यावरचा तरी. दर उन्हाळ्यात ज्यांनी त्याच्याखाली गाड्या लावून डबे खाल्ले, त्यांच्यातला एकही त्या दिवशी आला नाही. मीही ड्युटीवर होतो, गाडी थांबवून ओरडलो, मागून हॉर्न वाजले, पुढे गेलो. आता तिथे ऊन आहे आणि एक मोठा फलक आहे, 'निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं फार्महाऊस.' फलकाच्या सावलीत दोन म्हाताऱ्या अंग चोरून बसल्या होत्या. सावली एवढीच होती की एकीचे पाय उन्हात. निसर्गाच्या कुशीत म्हणे!

वेल्ह्याला पोचलो तेव्हा शाळेतल्या बाई दारातच उभ्या होत्या. रजा टाकली होती त्यांनी. चेहरा पडलेला. पायरीवर त्यांच्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, चांगल्या वयाच्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. आतल्या खोलीत खाटेवर त्यांचे यजमान, सासरेबुवा, पडून होते, खोकल्याचा आवाज बाहेर येत होता.

बाईंनी गॅलरीतून वड आणून माझ्यापुढे ठेवला. दोऱ्याला त्यांनी हात लावला नव्हता. "म्हटलं, ओढताना आणखी काही तुटेल. तुम्हीच काढा."

मी मांडी घालून बसलो आणि कात्रीने सूत कापायला लागलो. एकावर एक थर. हळदीने भिजून वाळलेलं, कडक झालेलं सूत. कापराच्या धगीने दोन पानं काळी पडली होती, दुधासाखरेने मातीत मुंग्या झाल्या होत्या. शेवटचा थर निघाला आणि मधली पारंबी हातात आली, काडीसारखी, मधोमध तुटलेली. नळीत शेवाळ घालून आणलेली पारंबी.

मग मी जो ओरडलो तो काही लिहिण्यासारखा नाही. अडाणीपणा म्हणालो, बायकांचा पोरखेळ म्हणालो, आणखीही बरंच.

सासूबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "आवाज खाली घ्या. सुनंला बोलू नगा, तिला ठावं न्हवतं. म्या बांधलंय."

"मावशी, हे हौसेचं झाड आहे, पूजेचं नाही."

"वड हाय का न्हाई?"

"आहे."

"मग?"

"अख्ख्या वेल्ह्यात दुसरा वड नव्हता?"

"हाय की. पर ह्यांना टाकून मी कुठं जाऊ?" त्यांनी आतल्या खोलीकडे मान केली. "दवाखाना हितं जवळ म्हणून आमी सुनंकडं आलोय. पाच मिंटं नजरंआड झाले तर धाप लागती त्यास्नी. आन गावच्या बाया माझ्यामागनं सूत बांधत्यात, पैल्यापासनं. सगळ्यांत मोठी मी. म्हणून त्याच टेम्पो करून हितं आल्या."

"गावात नाही का वड?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी मुद्दाम विचारतोय की काय असं वाटून. "हुता. फाट्यावर हुता, त्यो रस्त्यात ग्येला. मग ओढ्याच्या अंगाला एक हुता, तिकडं जायला लागलो. तिथं पुन्याच्या कुनी जिमीन घेतली, कंपाउंड घातलं. मागल्या साली आमी समद्या नटूनथटून, ताटं घेऊन गेटावर. वाचमन म्हनला, मालकाला फोन लावतो. फोन लागंना. आमी उनात हुब्या. वड आत दिसतोय, पारंब्या कुंपनावरनं भाईर आल्यात, पर आत सोडंना. शेवटी कुंपनाच्या तारंला सूत बांधून घरी आलो. तारंला!" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "नवऱ्याचं आयुष्य मागायचं, त्ये तारंला मागितलं आमी. म्हनून औंदा म्हनलं, सुनंच्या दारात वड हाय. न्हाना का असंना, कुनाच्या बापाचा न्हाई."

मी कात्री खाली ठेवली. राग गेला नव्हता, पण त्याला कुठे ठेवावं ते कळेना. तुटलेली पारंबी अजून हातातच होती.

"फाटा कुठला, मावशी?"

त्यांनी सांगितलं. तोच फाटा. आणि मग त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "तुमी आमच्या गाडीचे डायवर न्हवं का? फांद्या इकनारीवर गाडी थांबवून कावला हुता, त्ये? ती माझी जाऊ."

मी त्यांना सगळं सांगितलं. बॉनेटवर ठेवलेली फांदी, तेलाचा डबा, गच्ची. शाळेतल्या बाई दाराला टेकून ऐकत होत्या. म्हटलं, "मावशी, हा तुमच्याच फाट्यावरचा वड आहे. फांदी तिथली, झाड तेच."

त्यांनी ट्रे जवळ ओढला. मग कुंकवाने लाल झालेल्या खोडावर बोट फिरवून म्हणाल्या, "म्हंजे म्या परक्याच्या झाडाला न्हाई बांधलं."

आतून सासरेबुवांनी विचारलं, कोण आलंय. "वडवाला," असं मावशींनी मोठ्याने सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "ह्यो जिमिनीत लावला तर वाढंल का? का असाच हातभर ऱ्हाईल?"

"वाढेल की. जात खुजी नसते, भांडं लहान असतं. जमीन मिळाली तर फाट्यावरच्याएवढा होईल."

"मग लावत का न्हाई?"

मला संताप आला. खरं सांगतो, उत्तर नसलं की मला संताप येतो. ही माझी सारी उमेदीची वर्षं आहेत, असं म्हणायचं होतं. ट्रे, नळ्या, तारा, जिन्यावरून वाहून नेलेलं पाणी, सगळं त्या हातभर झाडात आहे, आणि ही बाई म्हणते लावत का नाही! पण समोर हळदीचं सूत पडलं होतं, आतून खोकल्याचा आवाज येत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे ताट घेऊन कुंपणाच्या तारेला सूत बांधणाऱ्या बायका होत्या. ज्यांनी वड तोडले ते कुठेतरी सावलीत बसलेले असणार. ज्याने कुंपण घातलं तो फोन उचलत नाही. आणि ओरडून घ्यायला मला सापडली कोण, तर ही.

मी कात्री उचलली आणि डाव्या फांदीवर ठेवली.

"काका, ती नको," शाळेतल्या बाई पुढे आल्या. "दुसरी घ्या. मागची घ्या. ती गेली तर झाडच राहणार नाही."

"तीच जाड आहे. तीच मूळ धरेल."

फांदी कापली. पांढरा चीक भळकन् आला, सुतानेच तो पुसला. ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी मावशींच्या हातात दिली आणि माझ्या ड्रायव्हरच्या आवाजात ताकीद दिली. रस्त्याच्या कडेला लावायची नाही. कुणाच्या प्लॉटशेजारी लावायची नाही. तुमच्या स्वतःच्या बांधावर, आत, आणि भोवती काट्याचं कुंपण, नाहीतर शेळ्या दोन दिवसांत फडशा पाडतील. मावशी म्हणाल्या, "शेळ्यांचं मला शिकवू नगा."

वड मी परत आणला नाही. पाणी कोण घालणार होतं? तो बाईंच्या गॅलरीत आहे, डावीकडे उघडा पडलाय, बघवत नाही. तुटलेल्या पारंबीच्या जागी बाईंनी नवी नळी लावलीय आणि महिन्याच्या महिन्याला मला तिचा फोटो पाठवतात. मी प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढतो. घरी आलो तेव्हा बायकोने रिकाम्या हातांकडे बघितलं आणि ताट वाढलं.

फांदी मावशींच्या थोरल्या मुलाने बांधावर लावली. पावसाने धरली. वर्षभरात मी तिथे किती खेपा केल्या ते विचारू नका, डॉक्टरांना तर सांगूच नका. जाऊन मी शेळ्यांवर ओरडतो, कुंपण सैल झालं म्हणून मुलावर ओरडतो. गावात आता बोलवा आहे की रस्ता आणखी रुंद होणार. होऊ दे. बांधापर्यंत येऊन तर बघा म्हणावं.

यंदा वटपौर्णिमेला बायको म्हणाली, मी तिकडंच येनार. गुडघे दुखत असताना एस.टी.ने आली, फाट्यावर त्या फलकाच्या सावलीत बसून दम घेतला आणि बांधावरून माझा हात धरून चालली. गावच्या बायका आधीच जमल्या होत्या. मावशीही वेल्ह्याहून आल्या होत्या, म्हाताऱ्यांजवळ सुनेला बसवून, दुपारच्या गाडीने परत जायच्या बोलीवर. वड माझ्या गुडघ्याच्या जरा वर आलाय. खोड अंगठ्याएवढं, पानं मात्र पुरी तळहाताएवढी, ट्रेमध्ये त्याला तेवढी कधीच आली नव्हती.

काट्याचं कुंपण बाजूला केलं. मी वडापाशी उभा राहिलो, खिशात कात्री, तोंडावर राग तयार. मावशींनी सुताची गुंडी हातात घेतली, वाकल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघून विचारलं, "बांधू का, डायवर?"

बायकोही माझ्याकडे बघत होती, सकाळपासून उपाशी.

"बांधा," मी म्हटलं. "पण सैल बांधा. त्याला अजून वाढायचंय."